योहान योर्ट : समुद्राचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

कॉडलिव्हर ऑइलचा चमचा आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतल्या अनेक पिढ्यांनी नाक मुरडत घेतला आहे. हे तेल म्हणजे कॉड माशाने यकृतात साठवलेली पुंजी होय. या पुंजीचा आणि समुद्रातील मासळीच्या चढउताराचा संबंध काय, हा प्रश्न ज्याच्या कार्यातून पुढे आला, तो शास्त्रज्ञ म्हणजे नॉर्वेचे योहान योर्ट.

योर्ट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६९ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो येथे झाला. वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक होते. मुलानेही वैद्यक शिकावे, ही त्यांची इच्छा. पण योर्ट यांचे मन प्राणिशास्त्रात रमले आणि म्युनिक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९०० मध्ये 'मिकाएल सार्स' हे संशोधन जहाज समुद्रात उतरले आणि योर्ट यांच्या कार्याला बळ आले. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सागर संशोधन परिषदेच्या संस्थापकांत ते होते. १९०६ ते १९१६ या काळात ते नॉर्वेच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते. १९१० मध्ये सर जॉन मरे यांच्यासमवेत त्यांनी उत्तर अटलांटिकची सफर केली.

त्या काळी नॉर्वेच्या कोळ्यांपुढे मोठे संकट होते. एखाद्या वर्षी हेरिंग आणि कॉड यांची रेलचेल असे, तर पुढे काही वर्षे जाळी रिकामी परतत. मासे दुसरीकडे निघून जातात, असा सर्वसाधारण समज होता. योर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खवल्यांवरील वलये मोजून माशांचे वय ठरवले. १९०४ मध्ये जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे जाळ्यांत आढळत राहिली. मासळी कुठे पळून जात नव्हती. काही वर्षांची पिढी भरघोस निपजत होती, काहींची नाही. १९१४ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. अंड्यांची संख्या नव्हे, तर पिलांना सुरुवातीच्या दिवसांत मिळणारे अन्न निर्णायक ठरते, असा त्यांचा कयास होता.

याच ग्रंथात एक वेगळी नोंद आहे. हिवाळ्यात लोफोटन बेटांकडे अंडी घालण्यास येणाऱ्या कॉडची यकृते एका हेक्टोलिटरच्या, म्हणजे १०० लिटरच्या मापात भरण्यास किती मासे लागतात, याचे आकडे त्यांनी मांडले. काही वर्षी थोडे मासे पुरत, काही वर्षी बरेच अधिक लागत. म्हणजे मासे तेवढेच असले, तरी त्यांची प्रकृती सारखी नसे.

या नोंदीचे मोल पुढे उलगडले. कॉडची मादी एकदाच अंडी घालून मरत नाही. अनेक वर्षे ती पुनःपुन्हा गाभोळी धरते आणि एका हंगामातही टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. यकृतात पुरेसे तेल नसेल, तर तिची अंडी घटतात. प्रसंगी अर्धवट वाढलेली अंडी शरीरात जिरवून ती तो हंगामच चुकवते. १९९९ मध्ये टारा मार्शल व सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की, माद्यांच्या साठलेल्या मेदावरून साऱ्या साठ्याच्या अंडी-उत्पादनाचा अंदाज बांधता येतो. १९८०च्या दशकाच्या मध्यास बॅरेंट्स समुद्रातील कॅपेलिन हा कॉडचा आवडता मासा कमालीचा घटला, तेव्हा कॉडची यकृतेही खालावली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनशी झालेल्या मासळी-कराराच्या हाताळणीवरून सरकारशी मतभेद झाल्याने १९१६ मध्ये योर्ट यांनी पद सोडले. १९२१ पासून ते ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक होते. देवमाशांच्या शिकारीवर मर्यादा असावी, यासाठीही त्यांनी काम केले. १९३८ पासून अखेरपर्यंत ते आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष राहिले. ७ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

पाण्यातील माद्या किती हे मोजून उद्याची मासळी ठरत नाही. त्या सुदृढ आहेत का, हेही पाहावे लागते. छोटे मासे वारेमाप उपसले, तर मोठ्यांच्या गाभोळीवरच घाव पडतो. पिलांच्या अन्नाकडे लक्ष वेधणाऱ्या योर्ट यांनी मातांच्या प्रकृतीची नोंदही जपून ठेवली, हे त्यांचे मोठे ऋण.