‘कालेवाला’ जुळवणारा डॉक्टर

‘कालेवाला’ या राष्ट्रीय महाकाव्याच्या शताब्दीनिमित्त फिनलंडने १९३५ मध्ये तीन टपाल तिकिटे काढली. सव्वा मार्काच्या तिकिटावर लोकगायक, दोन मार्कांच्या तिकिटावर गरुडरूप घेतलेली लौही, तर अडीच मार्कांच्या तिकिटावर कुलेर्वो. हे काव्य ज्यांनी सिद्ध केले त्या एलियास ल्योनरूट यांची छबी मात्र तिन्हींवर नाही. पहिला मान गायकांना मिळाला, हे एका अर्थी न्याय्यच झाले.

ल्योनरूट यांचा जन्म ९ एप्रिल १८०२ रोजी साम्मत्ती येथे एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. पुढे देशावर रशियाच्या झारचे राज्य आले, तरी शिक्षणाची, कारभाराची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिश ही शेतकऱ्यांची बोली मानली जाई. ल्योनरूट वैद्यक शिकले आणि १८३३ मध्ये कायानी या दूरच्या गावी जिल्हा डॉक्टर झाले. साथीचे रोग, दुष्काळ आणि पसरलेला मुलूख. तेथे त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. शेतकऱ्यांसाठी घरगुती औषधोपचारांचे पुस्तकही त्यांनी फिनिशमध्ये लिहिले.

सवड काढून ते गाणी टिपायला निघत. एप्रिल १८३४ मध्ये सीमेपलीकडील रशियन कारेलियात, लात्वायार्वी गावी, त्यांना आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा वृद्ध गायक भेटला. तो दोन दिवसांहून अधिक काळ गात राहिला आणि ल्योनरूट लिहीत राहिले. फिनलंडची अस्मिता ज्या गाण्यांवर उभी राहिली, त्यांतील कितीतरी उत्तम गाणी अशी सीमेबाहेरची आहेत.

ल्योनरूट यांनी वेगवेगळ्या गायकांचे पाठ एकमेकांत गुंफले, काही सांधणाऱ्या ओळी स्वतः रचल्या. ते संकलक की कवी, हा वाद त्यामुळे आजही मिटलेला नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेवर २८ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे. तोच आज ‘कालेवाला दिन’. त्या आवृत्तीच्या अवघ्या पाचशे प्रती छापल्या होत्या, आणि त्या खपायलाही दशकाहून अधिक काळ लागला. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत पन्नास सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत.

पुढे ते हेलसिंकी विद्यापीठात फिनिशचे प्राध्यापक झाले. पत्नी आणि पाचपैकी चार अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तरीही प्रचंड फिनिश-स्वीडिश शब्दकोश त्यांनी १८८० मध्ये तडीस नेला. १९ मार्च १८८४ रोजी साम्मत्ती येथेच त्यांचे निधन झाले. मागे राहिली एकुलती कन्या ईडा.