विश्लेषण : अभयारण्यात पक्षी राहतील, मग मासेमार, गुराख्यांचे काय? सलीम अलींच्या आयुष्यातला पेच…

छत्री तलाव किंवा वडाळी तलावावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्या राजापेठच्या पक्षीमित्रांना डॉ. सलीम अली हे नाव नवे नाही. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या खारफुटीच्या अभयारण्यालाही त्यांचेच नाव आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची ही जागा. पण अशा प्रत्येक पाणथळीत एक प्रश्न उभा राहतोच. पक्षी वाचवायचे, तर त्याच पाण्यावर पोट असलेल्यांना बाहेर काढायचे का? सलीम अलींसमोरही हा प्रश्न आला होता आणि त्यांचा अंदाज चुकला होता.

सलीम अली पक्ष्यांकडे कसे वळले?

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक वेगळीच चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेला आणि तिथलाच झाला. पुढे जर्मनीत पक्षीशास्त्र शिकून १९३० मध्ये परतले, तर संग्रहालयातले त्यांचे पद पैशांअभावी रद्द झालेले! मग मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे बांधतो, मादीला ते पसंत पडले तरच पूर्ण करतो, हे त्यांनी तासन्‌तास निरीक्षण करून नोंदवले.

भरतपूरमध्ये काय घडले?

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ म्हणजे संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे ठिकाण. स्वातंत्र्यानंतर तिथले पाणी काढून शेती करावी, अशी मागणी होती. सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत विषय नेला आणि पाणथळ वाचली. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. गुरे आत नकोत, असे सलीम अलींचे मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणारे गावकरी संतापले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

एवढे होऊन पक्ष्यांचा फायदा झाला का? उलटेच झाले. म्हशी खात होत्या ते गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांनाच फटका बसला. हा निष्कर्ष काढला तो बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासाने, म्हणजे सलीम अलींनी आयुष्य वेचलेल्या संस्थेने. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. चोडणचे अभयारण्य जाहीर झाले त्याच्या पुढच्या वर्षी.

मासेमारांबाबत कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्य जाहीर करताना तिथल्या लोकांचे हक्क जिल्हाधिकाऱ्यांनी तपासायचे असतात. १९९१ च्या दुरुस्तीनंतर काही हक्क पुढे चालू ठेवण्याचीही सोय आहे. त्याच दुरुस्तीनुसार सागरी हद्दीतले पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मासेमारांच्या व्यवसायाचे रक्षण करणे सरकारवर बंधनकारक आहे. मात्र ही तरतूद समुद्रापुरती आहे. खाडीत आणि नदीत सगळा भार त्या हक्क-तपासणीवरच.

आपल्या राज्यात ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. २०२२ मध्ये त्याला ‘रामसर’ दर्जाही मिळाला. त्याच खाडीच्या काठी कोळीवाडे आहेत.