आरशातला पहिला चेहरा : बाळशास्त्री जांभेकर
नांदेड, विशेष प्रतिनिधी

दरवर्षी ६ जानेवारीला नांदेड, लातूर आणि तालुक्यातालुक्यांच्या गावी पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकर यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दोन-चार भाषणे होतात, कुठे सत्कार तर कुठे आरोग्य तपासणी शिबिर होते आणि मंडळी पांगतात. भाषणांतून बाळशास्त्रींविषयी साधारणतः एकच वाक्य ऐकू येते. त्यांनी मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले, एवढेच. हे वाक्य खरे असले तरी त्याच्या आड एक संपूर्ण माणूस दडून राहिला आहे. हा माणूस पस्तिशीच्या आसपासच वारला. त्याने तेवढ्यात वृत्तपत्र आणि मासिक चालविले, गणित, भूगोल, व्याकरण, इतिहासाची पुस्तके लिहिली, ज्ञानेश्वरी छापली आणि शेवटच्या वर्षांत एका मुलासाठी स्वजातीचा रोष ओढवून घेतला.

अनेक ठिकाणी ६ जानेवारी हीच त्यांची जयंती समजली जाते. वस्तुतः १८३२ साली या तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. त्यांच्या जन्माविषयी दोन मते आहेत. काही ग्रंथांत १८१० हे साल दिले आहे, तर काहींत २० फेब्रुवारी १८१२ ही तारीख आहे. मृत्यू मात्र मे १८४६ मधला आहे. म्हणजे आयुष्य चौतीस वर्षांचे धरा किंवा छत्तिसांचे, जे काही झाले ते इतक्याच अवधीत झाले.

बाळशास्त्रींचा जन्म कोकणातील पोंभुर्ले या गावचा. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत आणि संस्कृतचे चांगले जाणकार होते. घरी मराठी आणि संस्कृतचे अध्ययन झाल्यावर १८२५-२६च्या सुमारास हा मुलगा मुंबईला आला आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाने इंग्रजी शिकू लागला. छत्रे हे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस होते. मराठीत शाळेची पुस्तके तयार करवून घेण्याचे काम ही संस्था करी. विशीच्या उंबरठ्यावर बाळशास्त्री त्याच संस्थेत डेप्युटी सेक्रेटरी झाले. इंग्रजी, गुजराती, बंगाली आणि फारसी त्यांनी आत्मसात केल्या होत्या. कानडी, तेलुगू, फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीकमध्येही त्यांची गती होती. चरित्रकार मंडळी भाषांची ही यादी मोठ्या कौतुकाने देतात, परंतु त्या भाषांचा त्यांनी काय उपयोग केला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

त्यासाठी त्या काळातील वाचन म्हणजे काय होते, हे ध्यानात घ्यावे लागते. मराठी माणूस रोजचा व्यवहार मोडी लिपीत करी. पत्रे, हिशेब, दस्तऐवज, सारे मोडीत. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी पोथीची. पोथी हाताने नकललेली असे. एक जण ती मोठ्याने वाची आणि दहा-वीस जण ऐकत. एकट्याने, मनातल्या मनात, आजची बातमी वाचायची ही कल्पनाच नवी होती. मराठी छपाई सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे तीन-चार वर्षांत छापखाना उभारून मराठी मजकूर छापायला आरंभ केला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये बाहेर पडला. गुजरातीत ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघत होते. मराठीत मात्र रकाना रिकामा होता. १८२८ साली ‘मुंबापूर वर्तमान’ नावाचे पत्र निघाल्याचा उल्लेख सापडतो, पण त्याचा अंक कोणाच्या हाती लागलेला नाही. त्यामुळे पहिलेपणाचा मान ‘दर्पण’कडेच राहतो.

‘दर्पण’चे प्रस्तावपत्र १२ नोव्हेंबर १८३१ रोजी प्रसिद्ध झाले. रघुनाथ हरिश्चंद्रजी आणि जनार्दन वासुदेवजी हे या उद्योगातील साथी होते, तर गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन लेखनात हातभार लावीत. पत्र आरंभी पाक्षिक होते आणि ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. पानावर दोन रकाने असत, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा.

या दोन रकान्यांवरून बाळशास्त्रींना पुढे बरेच काही ऐकावे लागले. सरकारी साहेबांसाठी अर्धे पान खर्ची घातले, असा आक्षेप आजही घेतला जातो. त्यात थोडे तथ्य आहेच. ‘दर्पण’चा वाचक मुंबईतला शिकलेला, सुस्थितीतला वर्ग होता आणि वर्गणीदारांची संख्या शेकड्यांतच राहिली. तथापि हेतू पाहिला म्हणजे दोन रकान्यांचा अर्थ कळतो. एतद्देशीयांना विलायतेतील विद्या आपल्या भाषेत कळावी आणि राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे म्हणणे त्यांच्या भाषेत वाचायला मिळावे, असा हा दुहेरी आरसा होता. शिवाय ज्याला इंग्रजी शिकायचे आहे त्याला शेजारच्या रकान्यात त्याच विषयावरचा मराठी मजकूर मिळे. हे पत्र म्हणजे एक प्रकारची शाळाच होती. १८३५ मध्ये मेटकाफने मुद्रणावरील परवान्याची बंधने उठविली, त्याआधी तीन वर्षे हे पत्र निघाले होते, हेही विसरता येत नाही.

बातम्यांबरोबरच ‘दर्पण’मध्ये वाचकांची पत्रे येत. आज संपादकीय पानाच्या कोपऱ्यात बसविलेला हा मजकूर तेव्हा पत्राचा गाभा होता. मराठी माणूस पत्र लिहीत नव्हता असे नाही, पण ते ठरावीक माणसाला, मोडीत, खासगी. ओळखदेख नसलेल्या शेकडो लोकांना उद्देशून पत्र लिहावे आणि त्याचे उत्तर तिसऱ्याच गावच्या कोणी द्यावे, ही गोष्ट ‘दर्पण’ने मराठीत रुजविली. विधवांच्या पुनर्विवाहासारखा विषय तेथे उघडपणे चर्चिला गेला. भाऊ महाजनांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी ‘प्रभाकर’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांची शतपत्रे १८४८ पासून तेथेच प्रसिद्ध झाली. मराठीतील सर्वांत खळबळजनक निबंध पत्रांच्या रूपाने लिहिले गेले, याची वाट ‘दर्पण’ने आधीच मळून ठेवली होती.

याच संदर्भात अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिनची आठवण होते. त्याने १७२९ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हाती घेतले आणि १७३१ मध्ये मित्रांच्या वर्गणीतून फिलाडेल्फियाला ग्रंथालय उभारले. छापखाना, वृत्तपत्र, पत्रव्यवहार, वाचनालय, विज्ञानाची आवड, हे सारे शंभर वर्षांनंतर मुंबईत बाळशास्त्रींच्या ठायीही दिसते. ‘बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या स्थापनेशी त्यांचे नाव निगडित आहे. फरक मोठा आहे तो दिवसांचा. फ्रँकलिन छपाईच्या धंद्यात पैसा मिळवून बेचाळिसाव्या वर्षी त्यातून मोकळा झाला आणि चौऱ्याऐंशी वर्षे जगला. बाळशास्त्रींना पोटासाठी नोकरी करावी लागली आणि पत्र चालविणे हा त्या नोकरीच्या उरल्यासुरल्या वेळातला उद्योग होता.

नोकऱ्याही एकामागून एक आल्या. ‘दर्पण’ निघाल्यानंतर काही काळ ते अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक होते. अक्कलकोट आजच्या धाराशिव जिल्ह्याला खेटून आहे. त्यांच्या चरित्राचा हा भाग मराठवाड्यातील वाचकाला जवळचा वाटावा. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड त्यांच्या हाताखाली शिकले. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची जबाबदारी आणि कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांच्याकडे आले. १८४० मध्ये सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले.

त्याच वर्षी, २६ जून १८४० रोजी, ‘दर्पण’चा अखेरचा अंक निघाला. साडेआठ वर्षांचे आयुष्य त्या पत्राला लाभले. बाळशास्त्रींनी हात आखडता घेतला नाही. त्याच साली ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक त्यांनी सुरू केले. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास असे विषय त्यात येत आणि हे लेखन बरेचसे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने होई. मराठीत त्या विषयांना शब्दच नव्हते. ‘शून्यलब्धि’ या त्यांच्या पुस्तकात आज बारावीचा विद्यार्थी ज्याला कॅल्क्युलस म्हणतो ते गणित आहे. या शब्दाचा आज उपयोग होत नाही, पण कोणीतरी तो पहिल्यांदा शोधावा लागतोच. ‘बालव्याकरण’, ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’, ‘भूगोलविद्या’, ‘इंग्लंड देशाची बखर’ ही त्यांची आणखी काही पुस्तके. इंग्लंडच्या इतिहासाला बखर म्हणणे, यातच या लेखकाची दृष्टी दिसते. नवा विषय त्यांनी जुन्या, ओळखीच्या पात्रात वाढला.

१८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. आपेगाव-पैठणच्या या मुलखात ज्ञानेश्वरी गावोगाव पोथ्यांतून, घराण्याघराण्यांच्या नकलांतून जपली गेली होती. सामान्य माणसाला ती कीर्तनात ऐकायला मिळे, हाताशी घेऊन वाचायला क्वचितच. ती छापील ग्रंथ होऊन बाहेर आली, ती कॅल्क्युलसचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या हातून. कोकणातील प्राचीन लेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर इंग्रजीत निबंध लिहिण्याचे कामही त्याच सुमारास चालू होते.

मात्र या माणसाची खरी कसोटी लागली ती कागदावर नव्हे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजाण वयाचा होता. तोही भावापाठोपाठ मिशनरींच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अल्पवयीन म्हणून वडिलांच्या स्वाधीन झाला. पण प्रश्न सुटला नाही. मिशनरींच्या घरी जेवलेला मुलगा जातीत परत कसा घ्यायचा? तो बाटला, तेव्हा तो कायमचा गेला, असा निर्वाळा कर्मठांनी दिला. बाळशास्त्रींनी प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्यावे अशी बाजू मांडली. या भूमिकेला शास्त्राधार आहे, हे दाखविण्यासाठी त्यांची संस्कृत विद्या कामी आली. जातीत दोन तट पडले आणि बाळशास्त्रींवर बहिष्काराचे सावट आले.

इंग्रजी शिकलेला, सरकारी मानाची जागा असलेला हा प्राध्यापक अशा भांडणात पडला नसता तर कोणी बोट दाखविले नसते. ‘दर्पण’ तीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते, म्हणजे बाजू मांडायला स्वतःचे वृत्तपत्रही हाताशी नव्हते. प्रायश्चित्ताचा आग्रह आज काहींना जुनाट वाटेल. आमच्या मते त्या काळी तो धाडसाचा होता. मुलाला परत येण्यासाठी दार उघडे ठेवावे, एवढेच ते म्हणत होते आणि त्यासाठी स्वतःचे दार बंद होण्याची जोखीम त्यांनी पत्करली.

या प्रकरणाचा एक धागा मराठवाड्यात येऊन पोहोचतो. थोरला भाऊ रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात आला. सालारजंगाने दिलेल्या जमिनीवर त्याने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही तो गेला होता.

मराठवाड्यात स्वतःचे मराठी वृत्तपत्र यायला मात्र फारच उशीर लागला. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या अमलाखाली. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांनी ‘निजाम विजय’ काढले ते १९२० मध्ये, ‘दर्पण’नंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ सुरू केले तेही पुण्यातून. संस्थानात बंदी आली की ते पत्र नाव बदलून पुन्हा येई. परवान्याचा जो जाच मुंबईत १८३५ मध्ये सैल झाला, तो आमच्या आजोबांच्या पिढीने १९४८ पर्यंत सोसला.

बाळशास्त्री मे १८४६ मध्ये तापाने आजारी पडले आणि मुंबईत त्यांचा अंत झाला. ‘दर्पण’चे अंक, ‘दिग्दर्शन’, निबंध, पत्रे हे सारे पुढे शंभर वर्षे विखुरलेले होते. ग. गं. जांभेकर यांनी ते परिश्रमपूर्वक जमवून पुण्याहून १९५० मध्ये खंडरूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावातच बाळशास्त्रींचे जन्मसाल १८१२ असे छापलेले आहे.