एका पैचा हिशोब आणि श्रीखंड्याची कावड

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय 23



आजच्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला अवंती नगरीतल्या एका ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. माणूस श्रीमंत, पण कमालीचा चिकट. घरच्यांना कधी मोकळ्या हाताने दिलं नाही आणि स्वतःही सुखाने खाल्लं नाही. पुढे पैसा गेला, आणि माणसं तर मनाने आधीच गेली होती. मग हा भिक्षू होऊन फिरू लागला. लोक त्याच्या अंगावर थुंकायचे, भिक्षापात्र पळवायचे, टोमणे मारायचे. आणि तो स्वतःला विचारायचा, की मला नेमकं दुःख देतंय कोण? ही माणसं? ग्रह? कर्म? काळ? शोधता शोधता तो स्वतःच्या मनापाशी येऊन थांबला.

आता ही गोष्ट वाचून आपल्याला वाटतं, ठीक आहे, पुराणातला माणूस आहे, त्याला जमलं असेल. आपल्याला ऑफिसचा मेल आणि मेसेजवरच्या दोन निळ्या टिका सुटत नाहीत, तिथे हे कसं जमायचं? म्हणून आज श्लोकांचा अर्थ थोडा बाजूला ठेवू आणि याच एकादश स्कंधावर मराठीत 18 हजारांहून जास्त ओव्या लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य पाहू. संत एकनाथ महाराज. त्यांना संसार होता, बायको-मुलं होती, घरात रोज पाहुणे होते, आणि गावात विरोधकही होते. म्हणजे परिस्थिती बरीचशी आपल्यासारखीच.

सोळाव्या शतकातलं पैठण. गोदावरीच्या काठचं, विद्वानांचं गाव. संत भानुदासांच्या घराण्यात नाथांचा जन्म झाला. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघंही नाथ अगदी लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी या नातवाला वाढवलं. मुलगा हुशार, देवाची ओढ असलेला. आणि एके दिवशी, जेमतेम बारा वर्षांचा असताना, कुणालाही न सांगता घरातून निघून तो थेट देवगिरीला, म्हणजे दौलताबादला पोहोचला. तिथे जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार बघत होते. एकनाथाने त्यांचे पाय धरले आणि तिथेच राहिला.

गुरूंनी त्याला काय काम दिलं असेल? ध्यान? जप? तेही असेलच, पण एक काम होतं हिशोबाचं. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना. बाकीचे झोपले. हा पोरगा दिव्याच्या उजेडात वह्या पुढे घेऊन बसला, आणि बऱ्याच रात्री चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठला. जनार्दनस्वामी जागे होऊन हे बघत होते. त्यांनी त्याला समजावलं, की एका पैची चूक सापडल्यावर तुला एवढा आनंद झाला, तर संसाराची मोठी चूक सापडेल तेव्हा किती होईल! हेच लक्ष तिकडे लाव.

बघा हं, गुरू रागावले नाहीत. एका पैसाठी रात्र जागवली म्हणून त्याला वेड्यातही काढलं नाही. त्यांना त्या पोराचं लक्ष आवडलं. फक्त ते कुठे लावायचं, एवढंच त्यांनी दाखवलं. आपल्या बारीकसारीक काळज्यांचंही असंच आहे. रात्री दोन वाजता तोच मेसेज दहा वेळा वाचणाऱ्या माणसाकडे एकाग्रता नाही असं कोण म्हणेल? एकाग्रता भरपूर आहे. ती एका पैवर अडकलीये, एवढंच.

नाथांनी गुरूंचं ऐकलं. देवगिरीजवळच्या शूलभंजन डोंगरावर साधना केली, मग तीर्थयात्रा केली. इकडे पैठणला मात्र दोन म्हातारी माणसं नातवाची वाट बघत होती. चक्रपाणींनी अखेर जनार्दनस्वामींना गाठलं आणि एक पत्र मिळवलं. पत्रात गुरूंची आज्ञा होती, की हे पत्र जिथे हातात पडेल तिथेच राहायचं, पैठण सोडून जायचं नाही. यात्रेहून परतताना नाथ पैठणला आले, पण घरी गेले नाहीत, देवळात उतरले. आजोबांची आणि त्यांची वाटेत गाठ पडली, पत्र हातात आलं, आणि नाथ तिथेच थांबले. परंपरा सांगते, की पुढे त्याच जागी त्यांचं घर उभं राहिलं.

मला या पत्राचं फार आश्चर्य वाटतं. एवढा मोठा शिष्य, आणि गुरू त्याला सांगतात काय, तर घरी जा, आजी-आजोबांजवळ राहा, लग्न कर, संसार कर. एका पैवरून उचललेलं लक्ष कुठे लावायचं, त्याचं उत्तर या पत्रात होतं. देव तर आहेच, पण तो याच माणसांमध्ये बघायचा.

मग गिरिजाबाई घरात आल्या. नाथांचं नाव जितकं घेतो तितकं आपण त्यांचं घेत नाही, पण त्या घरात रोज जेवणाऱ्यांचा आकडा ठरलेला नसायचा आणि तो सगळा भार त्यांच्यावर होता. एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कुणीतरी एका गरजू माणसाला पैशाचं आमिष दाखवलं, की नाथांना राग आणून दाखव. तो नाथांच्या घरी आला आणि थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचं कौतुक केलं. मग जेवताना, गिरिजाबाई वाढायला वाकल्या तशी त्याने त्यांच्या पाठीवरच उडी मारली. नाथांनी बायकोला एवढंच सांगितलं, की सांभाळ, पाहुणा पडेल. आणि गिरिजाबाई म्हणाल्या, की हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला, याला कशी पडू देईन! तो माणूस वरमला. पुढे नाथांना सगळं कळल्यावर ते हळहळले, की आधी सांगितलं असतंस तर रागावूनही दाखवलं असतं, तुझं काम झालं असतं.

इथे थांबून जरा विचार करा. नाथांची शांती एकट्याची नव्हती. शेजारी गिरिजाबाई नसत्या तर ही गोष्ट अशी संपली असती का? आपल्या घरातही कुणीतरी असतं, ज्याच्या जिवावर आपण शांत राहू शकतो. त्या माणसाला आपण हे कधी सांगतो का?

गोदावरीवरची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक जण वरून थुंकायचा, आणि नाथ परत नदीवर जायचे. कुणी 21 वेळा म्हणतं, कुणी 108. शेवटी तोच थकला आणि पाया पडला, तर नाथांनी त्याचे आभार मानले, की तुझ्यामुळे आज इतक्या वेळा गोदामाईचं स्नान घडलं. आजच्या अध्यायातला भिक्षू आठवला ना? फरक इतकाच, की भिक्षूचं सगळं आधीच गेलं होतं. नाथांकडे घर, मान, नाव सगळं होतं, आणि तरी त्यांनी एवढ्याशा गोष्टीला दिवस नासवू दिला नाही.

काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेतानाची गोष्टही अशीच. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होतं. सोबतच्यांना काळजी, की आपली यात्रा पूर्ण कशी होणार. नाथांनी कावडीतलं पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. त्यांच्या दृष्टीने रामेश्वर तिथेच भेटला होता.

पण मंडळी, नाथांच्या आयुष्यात सगळ्या चिंता छोट्या होत्या असं समजू नका. 1573 साली काशीत नाथभागवत पूर्ण झालं, त्याआधी संस्कृतातलं ज्ञान मराठीत का आणता म्हणून तिथल्या पंडितांचा विरोध सोसावा लागला. पैठणलाही कर्मठ मंडळी नाराजच होती. आणि सगळ्यांत खोल घाव घरातून आला. मुलगा हरिपंडित शास्त्र शिकून मोठा विद्वान झाला. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला निघून गेला.

नाथ त्याला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या, की मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. ज्या माणसाने काशीच्या पंडितांपुढे मराठी सोडली नाही, त्याने मुलापुढे अटी मान्य केल्या. हरिपंडित परत आला, संस्कृतात पुराण सांगू लागला, आणि हळूहळू श्रोते कमी झाले. पुढे एका बाईने हजार ब्राह्मणांना जेवू घालायचा नवस फेडायला नाथांना एकट्याला बोलावलं. तिच्याकडे ऐपत नव्हती. नाथ गेले. स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवणं झाल्यावर तो पत्रावळ उचलायला गेला, तर खाली आणखी एक, तिच्याखाली आणखी एक, अशा हजार निघाल्या, असं चरित्रात सांगतात. मुलगा वडिलांच्या पायांवर पडला आणि मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने घ्यावा. मला त्याच्या आधीचे दिवस मोठे वाटतात. आपलंच बरोबर आहे हे माहीत असताना, मुलगा जवळ राहावा म्हणून गप्प बसलेले वडील. वाद जिंकून मुलगा गमावणं त्यांना परवडणारं नव्हतं. एका पैचा हिशोब करणाऱ्या माणसाला हा हिशोबही पक्का कळत होता.

आता श्रीखंड्या. नाथांच्या घरी या नावाचा एक मुलगा कामाला होता. गोदावरीवरून कावडीने पाणी आणून रांजण भरायचा, चंदन उगाळायचा, पडेल ते करायचा. अशी 12 वर्षं गेली. एक दिवस द्वारकेहून एक भक्त शोधत आला, की भगवंत नाथांच्या घरी राबतात असा मला दृष्टांत झालाय, ते कुठे आहेत? तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. तेव्हा नाथांना कळलं, की 12 वर्षं आपलं पाणी कोण भरत होतं. त्यांना रडू आवरेना. पैठणच्या नाथवाड्यात तो रांजण आजही आहे, आणि नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात गोदावरीचं पाणी घालतात.

विचार करा, गाढवात देव ओळखणाऱ्या नाथांनासुद्धा रोजचं पाणी भरणारा ओळखू आला नाही. कारण रोजचं माणूस दिसेनासं होतं. पण नाथांनी त्याला कधी हिडीसफिडीस केलं नव्हतं, म्हणून देव 12 वर्षं टिकला! आपल्याकडे सकाळी डबा भरून देणारी आई, रात्रपाळीचा वॉचमन, रूम शेअर करणारा मित्र, न सांगता चहाचा कप पुढे करणारी ताई. यांच्यातला श्रीखंड्या कोण, ते आपल्याला तरी कुठे ठाऊक?

नाथांनी माणसांची आठवण मात्र जपली. नाथभागवताच्या आरंभी पणजोबा, आजोबा, आई, वडील सगळ्यांना वंदन आहे. अभंगांत तर स्वतःच्या नावाला जनार्दनस्वामींचं नाव असं जोडलं, की ते आता वेगळं काढताच येत नाही. पुरणपोळीसाठी हट्ट करणाऱ्या गावबा नावाच्या मुलाला, जो शिकण्यात मागे म्हणून ओळखला जायचा, घरात ठेवून घेतलं, आणि नाथांचं अपुरं राहिलेलं भावार्थ रामायण पुढे त्याच गावबाने पूर्ण केलं. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही हीच.

मोठं दुःख असेल, घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तर कुणी नुसतं सोडून दे म्हणालं म्हणून ते सुटत नाही. तेव्हा माणसांचा आधारच घ्यावा लागतो. पण आज मनात घोळणाऱ्या दहा गोष्टींपैकी एका पैच्या किती आहेत, ते एकदा मोजून बघा. त्यांच्यावर खर्च होणारं लक्ष थोडं शेजारच्या माणसाकडे वळवू या.

आजचा छोटासा संकल्प : रात्री झोपण्याआधी अशा एका माणसाला फोन किंवा मेसेज करा, ज्याने तुमचं पाणी भरलंय आणि ज्याला तुम्ही ते कधीच सांगितलं नाही. कारण काढू नका, काम सांगू नका. फक्त आभार माना.

उद्या अध्याय 24 वाचू.

राम कृष्ण हरी 🙏