पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : वाड्यातील कारस्थान आणि देवाघरचा पैसा

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की आपल्या लोकांच्या मुखी सर्वप्रथम नाव येते ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे. आपल्या गावच्या मंदिराचे काम श्रीकृपेने आणि सर्वांच्या हातभाराने सिद्धीस जात असताना या स्मरणिकेत त्या साध्वीचे स्मरण न करणे हा कृतघ्नपणा ठरेल. बाईंनी बांधलेल्या देवळांची नावे पुष्कळांना पाठ आहेत. परंतु ती देवळे ज्या द्रव्यातून उभी राहिली, ते द्रव्य एकदा वाड्यातील कारस्थानात बुडण्याची वेळ आली होती, ही हकीकत तितकीशी कोणी सांगत नाही. म्हणून हा अल्पसा लेखनप्रपंच.

आपण शहादे परिसरातील मंडळींनी तर ही हकीकत आवर्जून जाणून घेतली पाहिजे. होळकर घराण्याचे मूळ पुरुष सुभेदार मल्हारराव यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. त्यांच्या मातोश्री त्यांना घेऊन आपल्या भावाकडे, भोजराज बारगळ यांच्याकडे आल्या. ते गाव म्हणजे आपल्या शेजारचे तळोदे. पुढे माळव्याची सुभेदारी गाजविणारा हा पुरुष याच मातीत लहानाचा मोठा झाला. भोजराजांनी आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली. म्हणजे अहिल्याबाईंची सासू ही आपल्या तापीकाठची लेक! या गौतमाबाईंचा उल्लेख पुढे महत्त्वाच्या ठिकाणी येणार आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सन १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये झाली. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई सती जाण्यास निघाल्या. परंतु सासऱ्यांनी आपल्या म्हातारपणाकडे आणि दौलतीकडे पाहून त्यांना परावृत्त केले. त्या दिवसापासून मल्हाररावांनी सुनेला मुलाच्या ठिकाणी मानले. स्वतः मोहिमेवर असताना तोफखान्याची, दाणावैरणीची आणि वसुलाची कामे ते पत्राने बाईंवर सोपवीत. अशा रीतीने देवपूजेत रमणारी ही सून दौलतीच्या कारभारात तयार झाली.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. नातू मालेराव गादीवर आले, पण वर्ष भरण्याच्या आतच, १७६७ साली, तेही निवर्तले. पती गेला, सासरा गेला, एकुलता एक मुलगा गेला. बाईंचे वय तेव्हा बेचाळिशीच्या आसपास होते. घरात सुतक आणि गादी मोकळी, अशा वेळी होळकरांच्या वाड्यात कारस्थान शिजू लागले.

त्या काळचा सरदारी वाडा म्हणजे राज्याची कचेरीच असे. बाहेर देवडी व पहारा, पुढे सदर, आत देवघर, मुदपाकखाना आणि जामदारखाना. सदरेवर जे बोलले जाई ते चारचौघांच्या कानी पडे. खरी मसलत मात्र खलबतखान्यात, दारे लावून चाले. धनी समर्थ असला की तेथे मोहिमांचे बेत ठरत. गादी मोकळी पडली की त्याच खोलीत बसून घरातलीच माणसे घर पोखरू लागत.

होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड हे मल्हाररावांच्या वेळचे जुने, मातबर कारभारी. त्यांनी असे सुचविले की बाईंनी एखादे अल्पवयी मूल दत्तक घ्यावे, कारभार दिवाणांनी पाहावा आणि बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करीत राहावे. वरवर पाहता सल्ला शहाणपणाचा होता. आतून मात्र पेशव्यांचे चुलते रघुनाथराव दादासाहेब यांच्याशी संधान बांधले गेले होते. बाईमाणसाच्या हाती असलेली दौलत सहज ताब्यात येईल, मोठा नजराणाही मिळेल, या आशेने दादासाहेब फौजेसह माळव्याकडे वळले.

येथे नजर होती ती खजिन्यावर, आणि तो खजिना कोठून आला हे समजून घेतले पाहिजे. सरदारांना मिळणारा सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी असे. त्याचा जाब पेशवे सरकारात द्यावा लागे. परंतु थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे काही महाल वेगळे तोडून दिले होते. त्यास खासगी म्हणत. त्याचे उत्पन्न घराण्यातील पट्टस्त्रीच्या स्वाधीन असे. गौतमाबाई काटकसरीने राहिल्या. १७६१ साली त्या निवर्तल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंच्या हाती आली. तळोद्याच्या लेकीने राखलेली आणि चौंडीच्या लेकीने वाढविलेली ही पुंजी कारस्थानाच्या मुळाशी होती.

बाईंना बेताचा सुगावा लागला. त्यांनी आक्रोश केला नाही की घाबरून सही करून दिली नाही. एका धन्याची पत्नी व दुसऱ्याची माता या नात्याने दौलतीची व्यवस्था लावण्याचा हक्क आपलाच आहे, असे त्यांनी दिवाणांना स्पष्ट कळविले. खलबतखान्यातील गोष्ट त्यांनी उघड्यावर आणली. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे पत्र गेले. इतर मराठे सरदारांकडेही मदतीची मागणी गेली. होळकरांची फौज बाईंच्या पाठीशी उभी राहिली आणि मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेले तुकोजी होळकर फौजेनिशी क्षिप्रेच्या काठी आडवे झाले.

दादासाहेबांची कोंडी झाली. महादजी शिंदे व नागपूरकर भोसले यांनी या कामी साथ दिली नाही. खुद्द माधवरावांनी चुलत्यांना असल्या उद्योगापासून दूर राहण्याविषयी लिहिले आणि बाईंचा अधिकार मान्य केला. अखेर, आपण केवळ मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो, असे सांगून दादासाहेबांना वेळ मारून न्यावी लागली. बाईंनीही त्यांचा पाहुणचार केला. खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून बाईंनी तो धर्मकार्यास अर्पण केला, दान म्हणून हवा असेल तर संकल्प सोडून देते, लढून हवा असेल तर सामोरी येते, असा निरोप त्यांनी दादासाहेबांस धाडला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका राहो, पण पुढे ते द्रव्य खरोखरच धर्मकार्यास लागले, याला ठिकठिकाणची देवळे साक्षी आहेत.

एक थेंबही रक्त न सांडता संकट टळले. याच कारस्थानी वृत्तीचा शेवट अन्यत्र कसा झाला तेही पाहावे. पुढच्याच वर्षी, १७६८ मध्ये, दादासाहेबांनी पुतण्याविरुद्ध शस्त्र उचलले. चांदवडजवळ धोडप येथे त्यांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवले गेले. गंगाधरपंतांनाही पेशव्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. माधवरावांच्या पश्चात त्याच शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी कोवळ्या नारायणराव पेशव्यांचा वध केला. पुण्याच्या वाड्यात खलबतांनी घरातल्या मुलाचा बळी घेतला. होळकरांच्या वाड्यात एका विधवेच्या निग्रहाने ती खलबते जागच्या जागी विरली.

त्यानंतर २८ वर्षे बाईंनी राज्य केले. फौजेचे काम तुकोजींकडे आणि मुलकी कारभार स्वतःकडे, अशी वाटणी केली. नर्मदेच्या तीरी महेश्वर येथे राजधानी नेली. तेथला त्यांचा वाडा ऐश्वर्याचा नव्हता. पहाटे स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म झाला की बाई सदरेवर येत आणि रयतेच्या तक्रारी जातीने ऐकत. नदीकाठी घाट बांधले, विणकरांना आश्रय दिला. आपल्या सातपुड्याशी संबंध असलेली एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. डोंगरवाटांवरील भिल्ल नायकांशी केवळ दंडेली न करता बाईंनी त्यांचा मालावरील लहानसा कर घेण्याचा हक्क मान्य केला. त्या बदल्यात वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. त्यामुळे वाटा निर्धास्त झाल्या.

खासगीच्या द्रव्यातून काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली उभे राहिले. सोमनाथास १७८३ मध्ये नवे देवालय झाले. गयेचे विष्णुपद, वेरूळचे शिवालय तीर्थ, ठिकठिकाणच्या धर्मशाळा, घाट, विहिरी, अन्नछत्रे यांची गणती करू लागल्यास ही स्मरणिका पुरणार नाही. स्वतःच्या राज्याबाहेर, परमुलुखात ही कामे झाली हे विशेष. पैशावरून तुकोजींशी त्यांचे खटके उडत. मोहिमेचा खर्च आणि देवाघरचा पैसा यांची सरमिसळ बाईंना मान्य नव्हती.

देवाने मात्र या देवभक्त माउलीची परीक्षा शेवटपर्यंत घेतली. उतारवयात नातू गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. ज्या बाईंना सासऱ्यांनी एकदा चितेवरून परत आणले होते, त्यांना आपल्या लेकीला परत आणता आले नाही. सर्व विनवण्या व्यर्थ गेल्या. महेश्वरी मुलीची छत्री बांधून बाई पुन्हा कामाला लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख १८१८ च्या मंदसौरच्या तहाने इंग्रजांकडे गेला. राज्ये गेली, वाडेही पडले. बाईंच्या देवळांत घंटा अजून वाजते आहे. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, गावात सरदाराचा वाडा नसला तरी ओटे असतात, पार असतो, आणि कानात बोलणारी माणसेही असतात. देवळाच्या पैशावरून गावात दोन तट पडल्याची उदाहरणे आपण आजूबाजूला पाहतोच. अशा वेळी अहिल्याबाईंचा कित्ता गिरवावा. देवाचा पैसा निराळा ठेवावा, त्याचा पैन् पैचा हिशेब सर्वांसमक्ष मांडावा, शंका असल्यास ती भर सभेत विचारावी आणि उत्तरही भर सभेत द्यावे. शेतकऱ्याने दिलेले पोतेभर धान्य, मजुराने दिलेली एक दिवसाची मजुरी आणि धनिकाने दिलेली हजारोंची देणगी देवाच्या दारी सारख्याच मोलाची आहे. ती जपणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य होय.