मेघांचा मागोवा घेणारा बेंजामिन फ्रँकलिन

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे आमच्या नातेपुत्याच्या माळावर दुपारचें ऊन अंगाची लाही करतें. मग एखाद्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर काळे ढग डोकावूं लागतात, धुळीची वावटळ उठते, कडब्याच्या गंजी झाकण्याची धांदल उडते, आणि पाहतां पाहतां वळिवाचा पाऊस गर्जत येतो. शेतकऱ्याला हा पाऊस हवाहवासा वाटतो. परंतु त्याच्याबरोबर येणारी वीज कोणाच्या तरी घरीं आकांत करून जाते. आडोसा म्हणून झाडाखालीं उभा राहिलेला गुराखी, उघड्या माळावर मेंढरें राखणारा धनगर, हे तिचे नेहमींचे बळी. अशा मृत्यूचें कारण विचारलें असतां, तो मनुष्य पायाळू होता म्हणून विजेनें त्याला गांठलें, असें सांगणारे लोक अद्याप भेटतात. निरनिराळ्या रीतीनें एके काळीं सर्व जगच असें बोलत असे. तें बोलणें ज्याच्या निरीक्षणामुळें खोटें ठरूं लागलें, त्या बेंजामिन फ्रँकलिनचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं उत्तर अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाला. त्या काळीं तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालीं होता. बाप चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकीत असे. त्याच्या सतरा अपत्यांपैकीं बेंजामिन हा पंधरावा. एवढ्या मोठ्या कुटुंबांत शिक्षणाला पैसा कोठून येणार? दहाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली, आणि बाराव्या वर्षीं तो थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. दिवसा खिळे जुळवावे आणि रात्रीं उसनीं आणलेलीं पुस्तकें वाचावीं, असा त्याचा क्रम होता. पुढें भावाशीं पटेना, म्हणून १७२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो घर सोडून फिलाडेल्फिया शहरीं गेला. तेथें त्यानें कष्टानें स्वतःचा छापखाना उभारला, १७२९ सालीं एक वर्तमानपत्र हातीं घेतलें, १७३२ पासून एक लोकप्रिय पंचांग काढलें, आणि १७३७ सालीं तो त्या शहराचा पोस्टमास्तर झाला. वर्तमानपत्र, पंचांग आणि टपाल ह्या तिहींचा त्याच्या मेघनिरीक्षणाला कसा उपयोग झाला, तें पुढें दिसून येईल.

त्या वेळच्या इंग्रजी गणनेप्रमाणें २१ ऑक्टोबर १७४३ रोजीं रात्रीं नऊच्या सुमारास चंद्रग्रहण होतें. फ्रँकलिन तें पाहण्याची तयारी करून बसला होता. परंतु तिन्हीसांजेस ईशान्येकडून सोसाट्याचा वारा सुटला, आकाश भरून आलें, आणि वादळ रात्रभर व दुसरा सबंध दिवस चाललें. ग्रहण कांहीं दिसलें नाहीं. दुसरा कोणी हळहळून गप्प बसला असता. फ्रँकलिननें मात्र बोस्टनचीं वर्तमानपत्रें आल्यावर तीं वाचलीं, तों त्यांत ग्रहण स्पष्ट दिसल्याचा वृत्तांत! बोस्टन तर फिलाडेल्फियाच्या ईशान्येस. वारा ईशान्येकडून येत होता, तर वादळ आधीं बोस्टनला पोहोंचावयास हवें होतें. त्यानें बोस्टन येथें राहणाऱ्या आपल्या भावास पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, तेथें वादळ रात्रीं अकराच्या सुमारास, म्हणजे ग्रहण पाहून झाल्यावर, सुरू झालें. मग त्यानें इतर प्रांतांतूनही वेळा मिळविल्या. जों जों गांव ईशान्येस, तों तों वादळ उशिरां, असा नियम त्याला आढळला. म्हणजे वारा एका दिशेनें वाहतो आणि वादळ मात्र उलट दिशेनें सरकतें!

हें कसें घडत असावें, हें समजावून देतांना त्यानें कालव्याचा दाखला घेतला. तो आमच्या तालुक्यांतील मुलांना सहज पटेल, कारण नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी त्यांच्या डोळ्यांपुढून वाहतें. दरवाजा बंद असतांना कालव्यांतील पाणी स्थिर असतें. दरवाजा उघडला कीं सर्व पाणी दरवाज्याकडे वाहूं लागतें. पण हालचालीचा आरंभ दरवाज्याजवळच्या पाण्यापासून होऊन तो मागें मागें सरकत जातो. हवेचेंही तसेंच होत असावें, असा त्याचा तर्क. वादळाचीं खरीं कारणें पुढील शतकांत अधिक उलगडलीं. तथापि वादळाचा मार्ग आणि वाऱ्याची दिशा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा शोध टिकून राहिला. ह्या शोधाला ना दुर्बीण लागली, ना पैसा. लागलें तें एक घड्याळ, थोडें टपाल आणि जिज्ञासा.

१७४८ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, फ्रँकलिननें छापखान्याचा कारभार भागीदाराच्या हवालीं केला आणि आपला वेळ शास्त्राच्या छंदास वाहिला. विजेचे खेळ त्या वेळीं युरोपांत नवीन निघाले होते. कांच घासून ठिणगी काढावी, कथलाचा पत्रा लाविलेल्या बरणींत वीज सांठवावी, असे प्रयोग लोक करमणुकीखातर करीत. फ्रँकलिननें त्या करमणुकीचें शास्त्र केलें. धन आणि ऋण हीं नांवें विजेला त्यानेंच दिलीं. १७४९ च्या नोव्हेंबरांत त्यानें आपल्या टिपणवहींत बरणीच्या ठिणगींत आणि आकाशांतील विजेंत सारखे असलेले गुण ओळीनें मांडले: प्रकाश, रंग, वांकडीतिकडी गति, वेग, कडकडाट, धातूंतून वाहणें, धातू वितळविणें, ज्वालाग्राही पदार्थ पेटविणें, प्राण्यांस मारणें, गंधकासारखा वास. इतकें साम्य आहे, तर अणकुचीदार धातूकडे ओढलें जाण्याचा गुणही आकाशांतील विजेंत असला पाहिजे. तेव्हां प्रयोग करून पाहावा, असें त्यानें ठरविलें.

उंच जागीं लोखंडी सळई उभारून मेघांतील वीज खालीं आणावी, ही त्याची योजना १७५१ सालीं लंडन येथें छापून निघाली. ती वाचून फ्रान्समध्यें दालिबार नांवाच्या गृहस्थानें मार्ली ह्या खेड्यांत सुमारें ४० फूट उंचीची सळई उभारली. १० मे १७५२ रोजीं तीवर मेघ आला तेव्हां दालिबार तेथें नव्हता. त्यानें नेमलेल्या एका म्हाताऱ्या शिपायानें पहिली ठिणगी काढली आणि गांवच्या धर्मगुरूस बोलावणें धाडलें. धर्मगुरु गारांच्या माऱ्यांतून धांवत आला आणि त्यानें स्वतः तो प्रयोग पुन्हां पुन्हां करून पाहिला.

ही वार्ता अमेरिकेस पोहोंचण्यापूर्वींच, १७५२ च्या जूनमध्यें, फ्रँकलिननें पतंगाचा प्रयोग केला, असें त्याचा मित्र प्रीस्टली ह्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. रेशमी रुमालाचा पतंग, त्याच्या शेंड्यावर टोंकदार तार, ताग्याची दोरी, हातांत धरावयास कोरडी रेशमी फीत, आणि दोरी व फीत ह्यांच्या सांध्यावर एक किल्ली. सोबतीला मुलगा विल्यम. चित्रांत त्याला लहान बाळ काढतात. वास्तविक तो विशी ओलांडलेला तरुण होता. रेशीम भिजूं नये म्हणून दोघे छपराच्या आडोशाला उभे राहिले. मेघ वर आला, दोरीचे सुटे तंतू ताठ उभे राहिले, आणि किल्लीजवळ बोटाचें पेर नेतांच ठिणगी पडली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानीं ठेवावी. पतंगावर प्रत्यक्ष वीज पडली नव्हती. पडती, तर फ्रँकलिनचें चरित्र तेथेंच संपतें. पुढल्याच वर्षीं, ६ ऑगस्ट १७५३ रोजीं, रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें रिखमान हा प्राध्यापक घरांत आणलेल्या सळईपाशीं मेघांतील विजेचें मापन करीत असतांना विजेच्या आघातानें जागच्या जागीं मरण पावला. तेव्हां पतंगाचा प्रयोग वाचण्याजोगा आहे, करण्याजोगा नाहीं.

१७५२ च्या सप्टेंबरांत फ्रँकलिननें स्वतःच्या घरावर सळई उभारली. तिची तार जिन्यावरून खालीं नेऊन मध्यें तोडली, आणि दोन्ही टोंकांस दोन लहान घंटा लावून त्यांच्यामधें रेशमाच्या धाग्यानें एक पितळी गोळी टांगली. विद्युद्भारित मेघ वर आला कीं घंटा आपोआप वाजूं लागत. एका रात्रीं तर तारेंतून इतका प्रकाश वाहिला कीं सर्व जिना उजळून निघाला. घंटा वाजल्या कीं हा गृहस्थ उठून मेघाची वीज तपाशीत बसे. मेघांच्या खालच्या भागांत बहुधा ऋण वीज असते, क्वचित् धन, असा निष्कर्ष त्यानें १७५३ सालीं काढला, व तो आजही ग्राह्य आहे. ढगांत हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. जड गारा ऋण भार घेऊन खालीं राहतात आणि हलके हिमकण धन भार घेऊन वर जातात, असें आतां समजलें आहे. फ्रँकलिनची बायको डेबोरा मात्र ह्या घंटांना भिई. नवरा लंडनला असतांना तिनें तसें कळविलें, तेव्हां घंटा तारेनें एकमेकींस जोडून टाक म्हणजे वाजणार नाहींत, अशी युक्ति त्यानें पत्रानें सांगितली.

घरावर सळई, तिला जोडलेली तार आणि तारेचें टोंक ओल्या जमिनींत खोल, ही वीजरक्षकाची कृति त्यानें आपल्या १७५३ च्या पंचांगांत छापली. तिचा मक्ता घेऊन त्याला अमाप द्रव्य मिळवितां आलें असतें. पण त्यानें तो घेतला नाहीं. सळई मेघांतील वीज गुपचूप काढून घेईल, अशी त्याची मोठी आशा होती. ती फोल ठरली. वीज पडलीच तर सळई तिला इमारतीस धक्का न लावतां जमिनींत नेते, हें त्याचें दुसरें म्हणणें मात्र खरें ठरलें. विरोधही झाला. १७५५ सालीं बोस्टनला भूकंप झाला तेव्हां तेथील एका उपदेशकानें त्याचा दोष ह्या सळयांना दिला. युरोपांत वादळाच्या वेळीं देवळांच्या घंटा वाजविण्याची जुनी चाल होती, आणि उंच मनोऱ्यांत ओली दोरी ओढणारे कित्येक लोक त्यांतच प्राणांस मुकले. मनोऱ्यांवर सळया आल्यावर हा अनर्थ कमी झाला.

छंदाला वय नसतें. १७५५ सालीं मेरिलंड प्रांतांत मित्रांबरोबर घोड्यावरून जात असतां त्याला टेकडीच्या उतारावर धुळीची वावटळ दिसली. इतर मंडळी थांबून पाहत राहिली. पन्नाशीला आलेल्या ह्या गृहस्थानें घोडा तिच्या बाजूला घातला, चाबकाचे फटकारे मारून ती मोडते कां तें पाहिलें, आणि जवळजवळ पाऊण मैल तिची पाठ सोडली नाहीं. ती रानांत शिरून वाळक्या फांद्या उडवूं लागली तेव्हां मात्र तो मागें फिरला. कोठें थांबावें, हें त्याला कळत होतें.

पुढें राष्ट्रकार्यानें त्याला ओढून घेतलें. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि १७८३ च्या तहावर त्याची सही आहे. ह्याच लढ्यांत विल्यम राजाच्या पक्षास मिळाला. पतंगाच्या दोरीपाशीं बापाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला तो मुलगा पुन्हां बापाच्या मनाजवळ कधींच आला नाहीं. मेघांतील विजेला वाट करून देणाऱ्या पुरुषाला घरांतील तेढीला वाट काढतां आली नाहीं, ही त्याच्या आयुष्यांतील मोठी खंत होय. १७ एप्रिल १७९० रोजीं, चौऱ्यायशीव्या वर्षीं, तो फिलाडेल्फिया येथें निवर्तला.

मित्रहो, फ्रँकलिनचा पतंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु अनुकरण करावयाचें तें त्याच्या वहीचें. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर अंतर धरावें. हा आंकडा तीसच्या आंत आला कीं वही मिटून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाडाचा आसरा तर कधींच घेऊं नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें देशभर यंत्रें बसवून विजेचा माग ठेविला आहे, आणि तिचें दामिनी नांवाचें मोबाइलवरील साधन वीस ते चाळीस किलोमीटरांच्या आंतील विजेची सूचना देतें. ह्याच संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं सोलापूर येथें पर्जन्यछायेंतील ढगांचा अभ्यास केला. तरीही तुमच्या वहीचें काम संपलें नाहीं. वळीव फलटणला किती वाजतां आला, नातेपुत्याला किती वाजतां, माळशिरस, वेळापूर व पंढरपूरला किती वाजतां, हें त्या त्या गांवच्या सोबत्यांना विचारून एका उन्हाळ्यापुरतें लिहून पाहा. आपल्या गांवचा वळीव कोणत्या वाटेनें येतो, हें तुमची वहीच तुम्हांस सांगेल. आणि ज्याची वाट कळली, त्याच्या वाटेंतून आपलीं माणसें व मेंढरें वेळेवर बाजूला काढतां येतात.