जिम कॉर्बेटची हलकी रायफल आणि डाव्या हातातली दोन अंडी

जिम कॉर्बेट म्हटलं की कुमाऊंचे नरभक्षक वाघ आठवतात. त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर एकदा त्याचा जीव वाचला तो बंदूक हलकी होती म्हणून.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर गेले, घरात भावंडं ढीगभर. काळाढुंगीच्या जंगलात गलोल घेऊन भटकणाऱ्या या पोराला नात्यातल्या एका भावाने ठासणीची दुनळी दिली. तिची उजवी नळी चिरलेली, म्हणजे कामाची ती डावीच. एक बार काढला की पुन्हा दारू ठासत बसायचं, तोवर शिकार पसार. त्यामुळे पहिलाच बार नेमका बसला पाहिजे, ही सवय त्याला लहानपणीच लागली.

पुढे मोकामा घाटावर रेल्वेचा माल इकडून तिकडे चढवायचं कंत्राट त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. तिथून सुट्टी काढून तो वाघांच्या मागावर जायचा.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणं आलं. तिने नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं मारली होती. कॉर्बेटने दोन अटी घातल्या: बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. हाक्यासाठी २९८ गावकरी जमले. बिनपरवान्याच्या बंदुका आणल्या तरी चालतील, असं खुद्द तहसीलदारानेच सांगून टाकलं होतं!

कॉर्बेटने तीनच काडतुसं आणली होती. ती संपली. जखमी वाघीण समोरच्या खडकावर उभी. त्याने धावत जाऊन तहसीलदाराच्या हातातली बंदूक ओढून घेतली. जवळ जाऊन बघतो तर नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चक्क फट! बार उलटला तर डोळे जायची भीती. तरीही वीस फुटांवरून त्याने चाप ओढला. नेम धरला होता जबड्यावर, गोळी लागली पंजाला. पण आधीच्या गोळ्यांनी वाघीण संपतच आली होती, ती कोसळली.

नंतर तिचा जबडा पाहिला तेव्हा उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले. बंदुकीचीच जुनी जखम. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांवर आली होती. म्हणजे ४३६ बळींची सुरुवात कुणाच्या तरी अर्धवट बसलेल्या गोळीपासून झाली होती.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल भेट दिली. बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय? बाजूची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलून खाली दाबली की नवीन आत बसतं. सगळं हाताने, भानगडीचे भाग कमी, त्यामुळे भरवशाची. दुनळीइतका झटपट दुसरा बार निघत नाही, गोळीही लहान. पण वजन कमी आणि नेम पक्का. डोंगरात दिवसभर चालणाऱ्याला आणि पहिल्याच गोळीवर विसंबणाऱ्याला असंच हत्यार लागतं.

११ एप्रिल १९३०. चौगढची वाघीण. पक्ष्यांच्या अंड्यांचं त्याला वेड, त्या दिवशी वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली. ती डाव्या हातात, हलकी रायफल उजव्या हातात. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने मान वळवली, तर वाघीण आठ फुटांवर, त्याच्याकडेच बघत! झटका दिला असता तर तिने झेप घेतली असती. त्याने एका हाताने रायफल इंचाइंचाने जवळपास पाऊण वर्तुळ फिरवली आणि गोळी झाडली. जड दुनळी एका हाताने अशी फिरली नसती. परत जाताना त्याने अंडी जागेवर ठेवली. अर्ध्या तासाने पाहिलं तर पक्षीण त्यांवर बसलेली.

उतारवयात त्याचा ओढा कॅमेऱ्याकडे वळला. १९४७ मध्ये बहीण मॅगीसोबत तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथेच वारला. ती .२७५ रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली आणि पुढच्याच वर्षी ती भारतात आणली.